थळ घाटातला प्रलय

कसारा स्टेशन सुटलं की मुंबईहून आलेल्या गाडीला बँकर इंजिनांचा जोर लागतो. थळ घाटाचा चढ मोठा अवघड. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. बोगद्यामागून बोगदे जातात आणि इगतपुरीला पोचेपर्यंत गाडी सुमारे ३०० मीटर वर चढलेली असते. या अर्ध्या तासात खिडकीच्या दोन्ही बाजूंना काळ्या कातळाचे थर सरकत जातात. मधेच एखादा तांबडा पट्टा दिसतो, पुन्हा काळा थर, पुन्हा तांबडा. बहुतेक प्रवासी पावसाळ्यातले धबधबे बघतात. या थरांकडे फारसं कुणी बघत नाही.

हे थर बघण्यासारखे आहेत. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीवर आजवर पाच मोठी संकटं आली, असं भूशास्त्र मानतं. त्यांतलं शेवटचं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या आणि महाकाय डायनोसॉर संपले. त्या संकटाच्या दोन कारणांची जगभर चर्चा होते. एक मेक्सिकोत कोसळलेला लघुग्रह. दुसरं आपल्या पायाखालचा दगड. या दुसऱ्या कारणाचा पूर्वार्ध कसारा, इगतपुरी, त्र्यंबक, हरिहर, अंजनेरी या टापूत उभा आहे. आपण त्याची खडी करतो, त्याच्यावर किल्ले बांधले, त्याच्यात लेणी कोरली.

हा दगड शास्त्रीय नजरेनं प्रथम पाहिला तो ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई सरकारनं कर्नल विल्यम साईक्स याला दख्खनची सांख्यिकी पाहणी करायला नेमलं. तो गावोगाव हिंडला. लोकसंख्या, पिकं, पक्षी, मासे यांच्या नोंदी करता करता त्यानं डोंगरांच्या थरांच्याही नोंदी केल्या आणि त्या १८३०च्या दशकात लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे मांडल्या. एकावर एक आडवे काळे थर, शेकडो मैल तसेच, आणि कुठेही ज्वालामुखीचं तोंड दिसत नाही, हे त्या काळच्या अभ्यासकांना मोठं कोडं होतं. इटलीतला व्हेसुव्हियस त्यांना माहीत होता. शंकूसारखा डोंगर, वर खड्डा, त्यातून धूर. दख्खनमध्ये यांतलं काहीच नव्हतं.

मग रेल्वे आली. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि जीआयपी रेल्वे कंपनीपुढे सह्याद्री उभा राहिला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यानं भोर आणि थळ असे दोन घाट एकाच वेळी हाती घेतले. हजारो मजुरांनी सुरुंग लावून, पहारीनं, घणानं तो कातळ फोडला. त्यांतले कित्येक पटकीनं आणि अपघातांत मेले, आणि त्यांची नावं कुठल्याही शिलेवर कोरलेली नाहीत. एहेगावचा सुमारे १८२ फूट उंच पूल उभा राहिला. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट वाहतुकीला खुला झाला. बर्कले तो बघायला जिवंत नव्हता. रेल्वेनं मुंबईला नाशिकशी आणि पुढे उत्तर हिंदुस्थानाशी जोडलं, हे आपण शाळेत शिकतो. त्या सुरुंगांनी डोंगराच्या पोटातला कोट्यवधी वर्षांचा इतिहासही उघडा केला. पावसानं, गवतानं, झाडोऱ्यानं झाकलेले थर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग दिसू लागले. विल्यम ब्लॅनफर्ड यानं १८६०च्या दशकात पश्चिम आणि मध्य भारतातल्या या थरांवर लिहिलं, तेव्हापासून घाटाच्या छेदांना भूशास्त्रात मानाचं स्थान मिळालं.

त्या थरांत दडलेली घटना समजून घ्यायची तर आजचा नकाशा बाजूला ठेवावा लागेल. तेव्हा नाशिक नव्हतं, गोदावरी नव्हती, सह्याद्रीही नव्हता. भारत हे आशियापासून तुटलेलं मोठं बेट होतं. विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला, वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगानं ते उत्तरेकडे सरकत होतं. भूखंड सरकतात ही कल्पना जगाला पटवून देण्यातही या काळ्या दगडाचा हात आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहाच्या कणांवर त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची उमटते. १९५०च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांचं चुंबकत्व मोजलं. हा दगड थिजला तेव्हा ही भूमी दक्षिण गोलार्धात होती, असं त्यातून निघालं.

हे बेट सरकत सरकत एका तप्त स्थानावर आलं. पृथ्वीच्या खोल प्रावरणातून वर येणारी ती उष्णता आजही जिवंत आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी तिच्यावरच धगधगतो. तेव्हा तिच्यावर आपली भूमी होती. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. शंकूचा डोंगर झालाच नाही, म्हणून साईक्सला तो दिसला नाही. ज्या भेगांतून लाव्हा वर आला, त्या भेगांत थिजलेल्या दगडाच्या उभ्या भिंती आजही सापडतात. अभ्यासक त्यांना डाईक म्हणतात, आणि दख्खनमधल्या डाईकांच्या तीन मोठ्या समूहांपैकी एकाचं नावच नाशिक-पुणे असं आहे. उरलेले दोन नर्मदा-तापीच्या खोऱ्यात आणि कोकण किनाऱ्यालगत. म्हणजे ज्या टापूतून तो अग्निरस वर आला, त्यातल्या एकात आपण राहतो.

लाव्हा म्हटलं की डोळ्यांपुढे सिनेमातला उकळता लोट येतो. नाशिक भागातले थर वेगळं सांगतात. कसारा-इगतपुरीचे बहुतेक प्रवाह संमिश्र आहेत, म्हणजे लहानमोठ्या जिभांचे असंख्य तुकडे एकमेकांवर चढून बनलेले. निनाद बोंद्रे, रेमंड दुराईस्वामी आणि गौरी डोळे या पुण्याच्या अभ्यासकांनी अशा प्रवाहांच्या रचनेचं बारकाईनं वर्णन केलं आहे. अकराशे अंश सेल्सिअसहून तप्त लाव्हाची एक जीभ पुढे सरकते. वरून तिच्यावर साय धरते, साल घट्ट होते. आतून मात्र ताजा लाव्हा येतच राहतो आणि ती जीभ तव्यावरच्या भाकरीसारखी फुगते. मग कडेला कुठेतरी साल फाटते आणि तिथून नवी जीभ निघते. माणूस तिच्यापुढे चालत जाऊ शकेल इतक्या संथ गतीनं हे चालतं. पण थांबत नाही. आतला लाव्हा सालीखाली गरम राहतो, म्हणून तो शेकडो किलोमीटर जाऊ शकतो.

तो किती दूर गेला याचा पुरावा आपल्या गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ, गोदावरी समुद्राला मिळण्याआधी, याच दगडाचे थर आहेत. स्टीफन सेल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यांचं रसायन सह्याद्रीतल्या वरच्या थरांशी ताडून पाहिलं आणि ते जुळलं. सुमारे हजार किलोमीटर लाव्हा वाहत गेला होता, बहुधा तेव्हाच्या नद्यांच्या खोऱ्यांतून. पृथ्वीवरचे माहीत असलेले सर्वांत लांब लाव्हाप्रवाह हेच असावेत. त्र्यंबकचं पाणी आज ज्या दिशेनं जातं, त्याच दिशेनं तेव्हा आग गेली.

विहीर खणणाऱ्या माणसाला यांतलं बरंच ठाऊक असतं. वर मुरूम लागतो, मग घट्ट काळा पाषाण, त्याला टिकाव लागत नाही, सुरुंगच लावावा लागतो. त्याखाली मांजऱ्या लागला की हायसं वाटतं, कारण तो भोकाभोकांचा, फुटायला सोपा. ती भोकं म्हणजे लाव्हातून निसटू न शकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा. पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपलं आणि तिथे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट असे स्फटिक वाढले. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतून निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत नाशिकचं नाव घेऊन बसले आहेत, आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय त्यांच्यासाठीच उभं आहे. त्या सुंदर पोकळ्यांत मुळात जो वायू होता, त्याच वायूनं पुढे जगाचा गळा आवळला.

त्याआधी तांबड्या पट्ट्यांबद्दल बोलायला हवं. मला या साऱ्या घटनेत सर्वांत भीतिदायक वाटतात ते हेच पट्टे. गावाकडे त्याला गेरू म्हणतात. एक प्रवाह थिजला, थंड झाला, आणि मग बराच काळ पुढचा आला नाही. तेवढ्यात ऊन, पाऊस, वारा यांनी वरचा दगड कुजवला आणि त्याची तांबडी माती झाली. काही ठिकाणी त्यात दूरच्या स्फोटांची राखही येऊन पडली. अशा विश्रांतीच्या काळात तळी साचली, झाडं उगवली, गोगलगायी, मासे, बेडूक आले. नागपूरच्या आसपास अशा मधल्या थरांतले जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. जीव परत येत होता. मग पुन्हा भेग फाटली, पुन्हा लाव्हा आला, आणि परतलेलं सारं पुन्हा गाडलं गेलं. हे एकदा घडलं नाही. थळ घाटात काळ्या-तांबड्याची ही आलटापालट पुन्हा पुन्हा दिसते. प्रलय म्हणजे एक घाव, अशी आपली समजूत असते. इथला प्रलय थांबून थांबून आला, आणि दोन घावांच्या मध्ये जिवांना आता संकट संपलं असं वाटण्याइतकी उसंत देत आला.

त्या वेळी या भूमीवर कोण राहत होतं, तेही महाराष्ट्राच्या मातीनंच सांगितलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसिसॉरस या लांब मानेच्या प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष दाखवले, त्यांत भाताच्या कुळातलं गवतही होतं. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, ही जुनी समजूत त्या एका शोधानं मोडली.

लाव्हानं जे गाडलं ते दख्खनपुरतं. आज या दगडाखाली सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी आहे, पूर्वी ती याहून कितीतरी मोठी होती. तरी ती पृथ्वीच्या मानानं लहानच. अमेरिकेतला प्राणी नाशिकच्या लाव्हानं जळणार नाही. त्याच्यापर्यंत पोचला तो वायू.

माणसानं पाहिलेलं याचं एक छोटं उदाहरण आहे. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमध्ये लाकी इथे जमीन फाटली आणि आठ महिने लाव्हा वाहिला. एकूण सुमारे १५ घन किलोमीटर. त्याबरोबर सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. गवत विषारी झालं, निम्म्याहून अधिक जनावरं मेली, आणि मागून आलेल्या दुष्काळात आइसलंडची जवळजवळ पंचमांश माणसं गेली. युरोपभर निळसर धुकं पसरलं, श्वास घेणं जड झालं. आता दख्खनकडे पाहा. इथला एकेक मोठा उद्रेक हजार घन किलोमीटरच्या घरात होता, म्हणजे सत्तरएक लाकी एकाच वेळी. आणि असे उद्रेक एकामागून एक. सल्फरच्या कणांनी सूर्यप्रकाश अडायचा, काही वर्षं थंडी पडायची, आम्लपाऊस व्हायचा. मग सल्फर खाली बसायचा, पण कार्बन डायऑक्साइड तसाच राहायचा आणि पृथ्वी हळूहळू तापायची. समुद्रतळाच्या गाळातली सूक्ष्म कवचं तपासून शास्त्रज्ञांनी काढलं आहे की लघुग्रह पडण्याच्या लाखो वर्षं आधीपासूनच तापमान काही अंशांनी वाढलं होतं. २०२४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या प्राचीन दलदलीच्या कोळशासारख्या थरांवरून आणखी एक अभ्यास आला. लघुग्रहाच्या सुमारे ३० हजार वर्षं आधी दख्खनच्या एका मोठ्या उद्रेकानं तापमान एकदम पाचएक अंशांनी घसरलं आणि पुढे ते सावरलं, असं त्यात दिसलं.

हे सगळं समजायला दीडशे वर्षं लागली, कारण दगडाचं वयच ठरत नव्हतं. बिरबल साहनींसारख्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला मधल्या थरांतल्या ताडकुळीच्या जीवाश्मांवरून वाटलं की हे उद्रेक डायनोसॉरांच्या नंतरचे. काहींना ते आधीचे वाटले. पुढे किरणोत्सारी मापनं आली, पण तीही कोट्यवधी वर्षांच्या फरकानं विखुरलेली. मग १९८० साली बॉम्ब पडावा तसा एक निबंध आला. इटलीत गुब्बिओ इथे त्या काळाच्या चिकणमातीच्या जेमतेम सेंटिमीटरभर थरात लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो व हेलन मिशेल यांना इरिडियम हा अवकाशातल्या दगडांत सापडणारा धातू नको तेवढा मिळाला. दहाएक किलोमीटरचा लघुग्रह आदळला, असं त्यांनी मांडलं. १९९१ मध्ये मेक्सिकोत चिक्शुलुबचं विवर निश्चित झालं. सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं, म्हणजे नाशिक ते मुंबई. आपलं लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं आहे, तेही अवकाशातून आलेल्या दगडानं याच काळ्या कातळात पाडलेलं. चिक्शुलुब त्याच्या शंभरपट.

ज्वालामुखीची बाजू तेवढ्यावर मिटली नाही. अमेरिकेतला ड्यूई मॅक्लीन आधीपासून दख्खनकडे बोट दाखवत होता. १९८६ मध्ये पॅरिसच्या व्हिन्सेंट कोर्टिलोनं दगडांच्या चुंबकीय नोंदींवरून दाखवलं की हे सारे थर भूशास्त्राच्या मानानं फार थोड्या काळात साचले, आणि तो काळ नेमका त्या संकटाचा. दरम्यान पीटर हूपर, मुंबई आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय चिकाटीचं काम चालवलं होतं. दिसायला सारखेच असलेले काळे थर त्यांनी रसायनावरून वेगळे केले, घाट घाट चढून नमुने घेतले आणि सह्याद्रीचा क्रम लावला. तळाशी जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. या पाचांचा मिळून कळसूबाई उपगट, सर्वांत जाड. त्यावर लोणावळ्याचा, आणि सर्वांत वर वाईचा, ज्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर येतात. भूशास्त्राच्या पुस्तकांत इगतपुरीचं नाव जगभर गेलं ते इथल्या हवेमुळे किंवा विपश्यना केंद्रामुळे नाही, या क्रमामुळे. थळ घाटाच्या नावाचाही एक दगड त्या पुस्तकांत आहे, ज्यात दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे पांढुरके स्फटिक काळ्या पाषाणात खचाखच भरलेले असतात. लाव्हा वर येण्याआधी पोटात बराच काळ मुरत पडला होता, याची ती खूण.

मग घड्याळ सापडलं, आणि ते सापडलं त्या तांबड्या पट्ट्यांत. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन आणि गेर्टा केलर यांच्या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते. त्यांनी प्रवाहांमधल्या राखमिश्रित थरांतून झिरकॉनचे बारीक कण वेचले. त्यांतल्या युरेनियमचं शिसं किती झालं, हे मोजून काही दहा हजार वर्षांइतक्या अचूकतेनं वय काढता येतं. निष्कर्ष असा की मुख्य उद्रेक लघुग्रहाच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाले, सुमारे साडेसात लाख वर्षं चालले, आणि त्यांत ११ लाख घन किलोमीटरहून अधिक लाव्हा बाहेर पडला. बर्कलीच्या पॉल रेन, कर्टनी स्प्रेन यांच्या गटानं, मुंबई आयआयटीचे कांचन पांडे यांना सोबत घेऊन, लाव्हातल्याच स्फटिकांचं वय आर्गॉनच्या पद्धतीनं काढलं. २०१९च्या फेब्रुवारीत दोन्ही गटांचे निबंध 'सायन्स'च्या एकाच अंकात आले. उद्रेकांच्या वेगाबद्दल त्यांचं जमत नाही. एक म्हणतो झटके होते, त्यातला एक लघुग्रहाच्या तोंडावर. दुसरा म्हणतो वाहणं बऱ्यापैकी सलग होतं, आणि बराचसा लाव्हा लघुग्रहानंतर आला.

पण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत आहे आणि ती नाशिककरांनी ध्यानात ठेवावी. कळसूबाई उपगटाचे थर लघुग्रहाच्या आधीचे आहेत. मेक्सिकोवर तो दगड कोसळला तेव्हा थळ घाटाचा कातळ थिजून थंड झालेला होता. लाव्हाचं केंद्र दक्षिणेकडे सरकलं होतं. डायनोसॉर जिवंत असताना, जग अजून शाबूत असताना जे बिघडत चाललं होतं, त्याची नोंद नाशिककडे आहे. पुढच्या भागातली नोंद वाई-महाबळेश्वराकडे, आणि अगदी उशिराची मुंबईत. वरळीच्या टेकडीत सापडलेल्या इवल्या बेडकांचे जीवाश्म, ज्यांचं वर्णन रिचर्ड ओवेननं १८४७ मध्ये केलं, ते संकटानंतर उरलेल्यांचे. चाळीस-पन्नास फुटी प्राणी गेले, बेडूक आणि कासवं राहिली.

कोण दोषी, यावर मत द्यायचं तर माझं मत पुराव्याच्या बाजूनं आहे. शेवटचा घाव लघुग्रहाचा होता. २०२० मध्ये पिन्सेली हल आणि अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या नोंदी एकत्र करून हेच म्हटलं. तरीही दख्खनला निर्दोष म्हणता येत नाही. याहून जुन्या आणि याहून भयंकर संकटाकडे पाहिलं की ते कळतं. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सैबेरियात असाच लाव्हा वाहिला आणि समुद्रातल्या बहुतांश प्रजाती संपल्या. तिथे खात्रीलायक लघुग्रह कुणी दाखवू शकलेलं नाही. लाव्हा आणि त्याचा वायू पुरेसा झाला.

आजच्या माणसासाठी लघुग्रह आणि लाव्हा या दोन संकटांत एक मोठा फरक आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डिमॉर्फोस या छोट्या खगोलावर मुद्दाम आदळवलं गेलं आणि त्याची फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. येणारा दगड वेळीच दिसला तर त्याला ढकलता येईल, एवढं तरी आता सिद्ध झालं आहे. फाटलेली जमीन मात्र कुणाला शिवता येणार नाही. आपल्या भागाला ती भीती नाही, हेही सांगायला हवं. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण भागात अधूनमधून जमीन हलते, नाशिकच्या मेरी या संशोधन संस्थेच्या यंत्रांवर नोंद होते, आणि लगेच गावात ज्वालामुखी फुटणार अशी कुजबुज सुरू होते. तसं होणार नाही. तप्त स्थान हजारो किलोमीटर मागे, रियुनियनखाली राहिलं आहे. ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी ही ज्वालामुखीची तोंडं नव्हेत. एकेकाळी सपाट असलेलं हे पठार नद्यांनी कोरून काढलं, आणि जे उरलं ते डोंगर.

भीती असेल तर ती दुसऱ्या बाजूनं. दख्खनचे उद्रेक लाखो वर्षांत पसरलेले होते. त्यांची सरासरी काढली तर वर्षाला दीड घन किलोमीटर लाव्हा, आणि त्याबरोबरचा कार्बन डायऑक्साइड. माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला ३,५०० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. तो दख्खनच्या त्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. दख्खनच्या वायूनं समुद्र तापला तेव्हा जिवांना सरकायला, बदलायला हजारो वर्षं मिळाली. तांबड्या पट्ट्यांची उसंत मिळाली. आपण कुणालाच ती देत नाही आहोत.

म्हणून हे थर जपायला हवेत, आणि इथे आपण कमी पडतो आहोत. नाशिकभोवतीच्या टेकड्या खडीच्या क्रशरनी पोखरल्या आहेत. ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या उत्खननाविरुद्ध २०२१ मध्ये नाशिककरांनी आवाज उठवला, तो गोदावरीच्या उगमासाठी, आणि ते योग्यच होतं. पण डोंगरातल्या नोंदीसाठी फारसं कुणी बोलत नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा याच थरांतून गेला आहे. तिथून निघालेल्या दगडाचे नमुने कुठल्या विद्यापीठात नीट जपले गेले असतील तर फार चांगलं. आता सिंहस्थासाठी रस्ते रुंद होताहेत आणि आणखी छेद उघडे पडतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचे डेक्कन ट्रॅप्स युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती वाई उपगटाची नोंद, उत्तरार्धाची. त्याचा पूर्वार्ध नाशिक जिल्ह्यात आहे आणि त्याच्यासमोर साधा माहितीफलकही नाही. नाशिक जिल्हा प्रशासनानं, रेल्वेनं आणि इथल्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांनी मिळून कसारा-इगतपुरी घाटातले दोन-तीन चांगले छेद आणि पांडवलेण्यांच्या टेकडीचा परिसर भूवारसा म्हणून निश्चित करावा, तिथे खाणकाम थांबवावं आणि मराठीत फलक लावावेत. सिंहस्थाच्या आराखड्यात याला जागा मिळावी, यासाठी नाशिककरांनी आतापासून आग्रह धरावा.